सिमचा डबा, आठ मुली आणि कलम ४२

प्रश्न : बेळगावात टिळकवाडीत दोन खोल्या घेऊन मी ग्राहकसेवा केंद्र चालवते. कोल्हापूर आणि पुण्याच्या ऑनलाइन साडीविक्रेत्यांचे फोन आमच्या आठ मुली मराठी, कन्नड, हिंदीतून घेतात. इंटरनेट कॉलिंगची सेवा ज्याच्याकडून घेतली, त्याने ‘आवाज सुधारेल’ म्हणून एक डबा आणून बसवला. त्यात ३२ सिमं आहेत, त्यातली काही त्याने मुलींच्याच आधारवर काढली. डबा ठेवल्याबद्दल तो मला महिना १२ हजार भाडं देतो. परवा एका मुलीला नाशिकहून पोलिसांचा फोन आला की तिच्या नावावरच्या नंबरवरून फसवणुकीचे कॉल गेलेत. त्याला विचारलं तर म्हणतो, “काय होत नाही ओ, सगळे लावतात.” डबा फेकून देऊ का? पोलिसांत जायचं तर मला कन्नड लिहिता येत नाही.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : ताई, डबा फेकू नका. बंद मात्र आजच करा. ज्याच्या सेवेचे पैसे तुम्ही भरता, तोच उलट तुम्हाला भाडं देतोय, यातच सगळं आलं.

या यंत्राला सिमबॉक्स म्हणतात. इंटरनेटवरून, बहुतेकदा परदेशातून आलेला कॉल त्यात शिरतो आणि आतल्या एखाद्या सिमवरून साधा स्थानिक कॉल होऊन बाहेर पडतो. समोरच्याला दिसतो तुमच्या मुलीचा नंबर. आंतरराष्ट्रीय कॉलचं शुल्क बुडतं आणि खरा बोलणारा कुठला, हे कळत नाही. पोलीस माग काढत येतात ते थेट तुमच्या टिळकवाडीतल्या खोलीत.

आवाज सुधारण्याची गोष्ट तर निव्वळ थाप आहे. इंटरनेटवरच्या एका चांगल्या कॉलला दोन्ही बाजूंनी साधारण ९० किलोबिट लागतात. आठही मुली एकाच वेळी बोलल्या तरी पाऊण मेगाबिटच्या आत भागतं. साध्या फायबर जोडणीला हे काहीच नाही. उलट मधे सिम आलं की आवाज पुन्हा एकदा आवळला जातो आणि आणखी खराब होतो.

आता कायदा. परवान्याशिवाय दूरसंचार सेवा देणं हा दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम ४२ खाली गुन्हा आहे. हे कलम २६ जून २०२४ पासून लागू झालं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. फसवून किंवा दुसऱ्याच्या नावाने सिम मिळवणं हाही त्याच कलमात वेगळा गुन्हा आहे. तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. ‘मला माहीत नव्हतं’ हा तुमचा खरा बचाव आहे, पण हे पत्र लिहिलंत त्या दिवसापासून तुम्हाला माहीत आहे. म्हणून एक दिवसही दवडू नका.

डब्याची वीज काढा. त्याआधी त्याचे फोटो घ्या: मागचा अनुक्रमांक, प्रत्येक खाचेतलं सिम, जोडलेल्या तारा. सिमं बाहेर काढू नका. तो माणूस “माझा डबा परत द्या” म्हणत दारात आला तरी देऊ नका. पोलिसांकडे जमा केला आहे किंवा करणार आहे, एवढंच सांगा. त्याच्याशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका, आणि ते ज्या फोनवर आहे तो बदलूही नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, म्हणजे ती कुठल्या उपकरणातून कशी काढली हे सांगणारं लेखी विधान, लागतं. जुन्या कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्राबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली खोतकर प्रकरणात ते अनिवार्य असल्याचं सांगितलं होतं. भाड्याचे पैसे खात्यात आले असतील तर तिथेच राहू द्या. गुपचूप परत केलेत तर पुरावा लपवल्यासारखं दिसेल.

मग बेळगावच्या सी.ई.एन. पोलीस ठाण्यात, म्हणजे सायबर गुन्हे बघणाऱ्या ठाण्यात, स्वतः होऊन जा. भाषेची भीती नको. गाऱ्हाणं मांडताना देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत अर्ज करायचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद ३५० ने दिला आहे. तोंडी सांगितलेली फिर्याद पोलिसांनी लिहून घेऊन वाचून दाखवायची असते आणि तिची प्रत फुकट द्यायची असते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३). तरी हक्क आणि सोय यात फरक असतो. मराठी अर्जासोबत कन्नड प्रत जोडा, काम लवकर होतं. तुमच्या आठांपैकी कुणीतरी कन्नड शाळेत शिकलेली असेलच. मी तर म्हणेन वकील सोबत घेऊनच जा, आणि तो अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार ठेवील असं बघा. तो अर्ज आधी जिल्हा व सत्र न्यायालयात. तिथे नाही मिळाला तर उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ.

ज्या मुलीला नाशिकहून फोन आला, तिची मला जास्त काळजी वाटते. आधी फोन खरंच पोलिसांचा होता का, ते बघा. ‘डिजिटल अटक’ नावाची कुठलीही गोष्ट कायद्यात नाही. त्यामुळे व्हिडिओ कॉलवर कुणी बसवून ठेवलं किंवा पैसे मागितले, तर तो भामटाच समजा. पोलीस खरे असतील तर लेखी नोटीस मागा. साक्षीदार म्हणून बोलवायचं असेल तर स्त्रीला तिच्या राहत्या घराबाहेर यायला भाग पाडता येत नाही, असं संहितेचं कलम १७९ सांगतं. आरोपी म्हणून नोटीस आली तर गोष्ट वेगळी, तेव्हा उत्तर वकिलामार्फतच द्या. बाकीच्या मुलींनाही दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते आजच बघायला सांगा. अनोळखी नंबर दिसला की ‘हा माझा नाही’ अशी नोंद तिथेच करता येते. या मुलींनी विश्वासाने आधार दिलं ते तुमच्या केंद्राच्या भरवशावर, त्यामुळे त्यांच्या वकिलाचा खर्च तुम्हीच उचलावा असं माझं मत.

केंद्र बंद करायची मात्र गरज नाही. इंटरनेटवरून ग्राहकसेवा चालवणं पूर्णपणे कायदेशीर आहे. अशा केंद्रांची सरकारी नोंदणीची अट नोव्हेंबर २०२० मध्ये निघाली आणि जून २०२१ मध्ये नियम आणखी सैल झाले. फक्त जोडणी परवानाधारक कंपनीकडून घ्या. अशी कंपनी तुम्हाला इंटरनेटवर वाजणारा ०८३१ चा रीतसर नंबर देऊ शकते. करारात परवान्याची प्रत मागा, कॉल आणि रेकॉर्डिंग दोन्ही सांकेतिक बंदिस्तीत (एन्क्रिप्शनमध्ये) राहतील असं लिहून घ्या, एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत ही अट घाला. रेकॉर्डिंग करत असाल तर ग्राहकाला सुरुवातीलाच सांगा आणि कार्डचा नंबर तोंडी कधीच घेऊ नका. ‘वाद झाल्यास फक्त अमुक शहरातील न्यायालय’ असं कलम असेल तर तिथे बेळगाव लिहायला लावा.