समुद्रात ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, कुठे आहेत हे नुसत्या आवाजावरून कळतं का?

कळतं. आणि नुसतं 'आहेत' एवढंच नाही, कुठलं घराणं आलंय तेही कळतं.

अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सॅलिश समुद्राचं उदाहरण घ्या. तिथे किनाऱ्यालगत हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, सोडलेले आहेत. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो, हवेच्या चौपटीहून वेगाने. त्यामुळे धुकं असो की मध्यरात्र, हाक दुरूनही पोचते. तीन-चार हायड्रोफोन असले, की ती कुठे आधी आणि कुठे नंतर ऐकू आली त्या फरकावरून जागाही काढता येते.

खरी गंमत बोलीची. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते, यांची कुळागणिक बदलते. पिल्लं ती आईच्या सोबतीने शिकतात. जॉन फोर्ड या कॅनडाच्या संशोधकाने या हाका वेगळ्या काढून त्यांना क्रमांक दिले. 'एस-१' वारंवार ऐकू आली, तर बहुधा तिथला 'जे' नावाचा कळप. 'एस-१६' असेल तर 'के', 'एस-१९' असेल तर 'एल'. ऐकायला म्हणाल, तर तेल न घातलेल्या बिजागरीची कुरकुर आणि मांजराचं म्याँव यांच्या मधलं काहीतरी!

एक मेख आहे. हे कळप मासे खाणारे, म्हणून बडबडे. सील मारून खाणारे 'बिग्ज' ऑर्का शिकारीच्या वेळी चिडीचूप असतात, कारण सीलला ऐकू येतं. म्हणजे हायड्रोफोन गप्प असला, तरी ऑर्का नाहीतच असं धरू नका.

स्वतः ऐकायचं असेल तर 'ऑर्कासाउंड' ही वेबसाइट हायड्रोफोनचा आवाज थेट आणि फुकट ऐकवते. बराच वेळ जहाजांची घरघरच ऐकावी लागेल, तेवढी तयारी ठेवा.