मनाली-लेह रस्त्यावर मोटरहोम नेताना

राहायची सोय असलेली ही गाडी घेऊन पहिल्यांदाच निघताय, तर सरचूला मुक्कामाचा मोह टाळा. जागा देखणी, पण उंची 4,200 मीटरच्या वर. रात्रभर डोकं ठणकतं, टाकीतलं पाणीही गोठू शकतं. त्यापेक्षा अलीकडच्या, कमी उंचीवरच्या जिस्पाला दोन रात्री काढा, अंगाला विरळ हवेची सवय होऊ द्या. बारालाचा खिंडीच्या वाटेवरचे नाले सकाळीच ओलांडा. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं.

उतारावर ब्रेक दाबून धरू नका, गिअर खालचाच ठेवा. मला हे सांगितलं होतं, ऐकलं नाही. जळका वास आठवडाभर पडद्यांत बसला होता! तीव्र वळणांवर गाडीचं शेपूट घासतं, तेव्हा सोबत्याला खाली उतरवून मागे बघायला लावा. तो कुरकुरेल, कुरकुरू दे. आणि हो, डिझेल जिस्पाच्या आधी लागणाऱ्या तांदीलाच काठोकाठ भरा.