वाचकांचे प्रश्न : मोज्याला चिकटलेला पुरावा

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळेत मी विज्ञान शिकवते. वनस्पतींवरून गुन्ह्याचा माग कसा काढतात, हे दाखवायला नववीच्या मुलांना मोजे घालून खाडीकाठ, किनारा आणि परसबाग अशा तीन जागी चालवले. पण जास्वंदीचे पराग तिन्ही मोज्यांवर निघाले. चूक कुठे झाली?

उत्तर : बहुधा वर्गातच. जास्वंदीचे पराग मोठे आणि चिकट. वाऱ्यावर खाडीपर्यंत जाणारे नव्हेत. एकाच टेबलावर, एकाच वर्तमानपत्रावर, पंख्याखाली मोजे उघडले की एकाचे दुसऱ्याला लागते. दर मोज्याला नवा पांढरा कागद घ्या, मध्ये टेबल ओल्या फडक्याने पुसा, चिमटा धुऊन कोरडा करा, पंखा बंद ठेवा. चौथा, कुठेच न नेलेला मोजा खोलीत उघडा ठेवा आणि तोही तपासा. त्यावर जास्वंद सापडली तर दोष खोलीचा. हा कोरा मोजा कधीही गाळू नका. बाकीच्या तिघांची साक्ष त्याच्यावरच उभी आहे.

पुन्हा करताना ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठा, तेव्हा आघाड्याची बोंडे पिकून कपड्यांना चिकटतात. धुतलेले पांढरे सुती मोजे बुटांवरून चढवून प्रत्येक जागी 20 पावले चालायचे, मोजा तिथेच उलटा करत काढायचा आणि कागदी पाकिटात घालायचा. प्लास्टिकची पिशवी नको, आपल्या दमट हवेत बुरशी धरते. पाकिटावर फक्त क्रमांक, तारीख, वेळ आणि हाताळणाऱ्या प्रत्येकाची सही. जागांची यादी तुमच्याकडे राहू द्या. भरतीची वेळ पाहूनच निघा, आणि वाटेत खाजकुइली नाही ना, हे आधी स्वतः फिरून बघा.

तिन्ही जागांचे ओळखीचे नमुने आधीच कार्डांवर चिकटवून ठेवावेत. सुरूची 'सुई' खरे तर बारीक फांदी असते: दोन्ही टोकांना धरून ओढली की पेऱ्यावर सुटते आणि तिथे दातेरी कडे दिसते. साध्या भिंगातून एवढे दिसले की मुले हरखतात. तिवराचे पान खालून पांढुरके असते.

परागांसाठी ग्लिसरीन आणि पाणी समभाग मिसळून एक थेंब काचपट्टीवर घ्या, सुईच्या टोकाने पराग त्यात सोडा आणि कव्हरस्लिप तिरकी टेकवून हळू खाली आणा. सपाट टाकली तर हवा अडकते, आणि मुले बुडबुड्यालाच पराग समजतात. बुडबुड्याची कड जाड, काळी आणि आत काही नसते. जास्वंदीचा कण काटेरी गोळ्यासारखा, 100 पट मोठा करून पाहिला तरी स्पष्ट दिसतो. गवतांचे पराग मात्र एकमेकांसारखेच गुळगुळीत. तिथे 'गवत' एवढेच लिहावे.

प्रश्न : मुले लगेच 'हाच चोर' म्हणतात. निष्कर्ष कसा लिहायला सांगू?

उत्तर : 'या मोज्यावरचे पुरावे खाडीकाठच्या नमुन्यांशी जुळतात, परसबागेतले काहीही सापडले नाही.' बस्स. तिवर मैलभर पलीकडच्या खाडीतही आहे. 1935 साली अमेरिकेत, वैमानिक लिंडबर्ग यांच्या बाळाच्या अपहरण खटल्यात लाकूडतज्ज्ञ आर्थर कोहलर यांनी अपहरणासाठी वापरलेल्या शिडीची एक फळी आरोपीच्या माळ्यावरच्या फळीशी जुळवली, ती वाढीची वलये आणि खिळ्यांची छिद्रे पाहून. एक वस्तू दुसऱ्याच वस्तूचा तुकडा आहे, असे म्हणायला तेवढे लागते. वर्गात सुकी काटकी मोडून दोन तुकडे वेगळ्या पाकिटांत द्या. तुटलेल्या कडा जुळवताना हा फरक मुलांना आपोआप कळतो.