पोरीची गिटार सांगलीला आणताना

प्रश्न: आम्ही मूळचे मिरजेचे, सध्या न्यू जर्सीत असतो. मुलगी १६ वर्षांची आहे. वर्षभर घरात इंडी रॉकशिवाय दुसरा विषय नाही, तीन मैत्रिणींबरोबर बँडही काढलाय. जूनमध्ये पाच आठवडे सांगलीला आजी-आजोबांकडे जायचंय, तर इलेक्ट्रिक गिटार आणि अ‍ॅम्प न्यायचाच असा हट्ट धरून बसलीय. शिवाय इथे न्यू जर्सीतल्या बँडच्या कार्यक्रमांना एकटीने जायचं म्हणते. आम्ही दोघं नाट्यगीतांवर वाढलेलो. यातलं काही कळत नाही.

उत्तर: आधी अ‍ॅम्पचं, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीचं बघू, कारण तिथली चूक पहिल्याच दिवशी महागात पडते. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. सांगलीत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अ‍ॅम्पच्या मागे छापलेलं वाचा. ‘१००–२४० व्होल्ट’ असेल तर नुसत्या पिनेच्या अडॅप्टरवर भागतं. फक्त ‘१२०’ असेल आणि सरळ भिंतीत लावला, तर आतल्या ट्रान्सफॉर्मरला जवळजवळ दुप्पट दाब मिळतो. फ्यूज वेळेत उडाला तर नशीब, नाहीतर धूर. व्होल्ट उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेता येतो, पण मापात गल्लत होते: पुढे लिहिलेले ‘२० वॅट’ हे आवाजाचे असतात. अ‍ॅम्प वीज किती ओढतो हा आकडा मागे वेगळा असतो, आणि ट्रान्सफॉर्मर त्याच्या निदान दीडपट क्षमतेचा हवा. इतकं ओझं पाच आठवड्यांसाठी वाहायचं कशाला? गिटारच्या जॅकमध्येच बसणारा, यूएसबीवर चार्ज होणारा हेडफोन अ‍ॅम्प आणा. दुपारी आजोबांची झोपही मोडणार नाही.

सांगलीत कुणाचा अ‍ॅम्प उसना मिळालाच, तर आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत भोकं तीन दिसतात, पण तिसऱ्याला मागे वायरच नसते. गिटारच्या तारा ब्रिजमधून, म्हणजे त्या जिथे अडकवतात त्या धातूच्या पट्टीतून, अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. म्हणजे अर्थ नसलेल्या अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला, तर करंट थेट बोटांपर्यंत येतो. माइक दुसऱ्या खोलीतल्या पॉइंटवर असेल तर गाताना ओठ टेकला की झटका बसू शकतो. म्हणून माइक आणि अ‍ॅम्प एकाच अर्थ केलेल्या बोर्डावर लावायचे, आणि ‘गुंगुं आवाज येतो’ म्हणून अर्थची पिन काढून टाकायची नाही. तो आवाज बहुतेक वेळा पंख्याच्या रेग्युलेटरचा किंवा ट्यूबच्या चोकचा असतो. तारांखालचे सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपणारी चुंबकं, तो पकडतात. गिटार हातात धरून थोडं वळून बघितलं तरी फरक कळतो. वीज गेल्यावर साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मात्र अ‍ॅम्प लावू नका.

गिटार विमानात केबिनमध्ये घेतीलच याची खात्री धरू नका. हार्ड केस हवी, आणि मानेखाली व डोक्याच्या मागे कपड्यांची घडी घट्ट बसवा. डोकं मागे कललेल्या गिटारी बरोबर तिथेच मोडतात. तारा एक-दीड स्वर उतरवा, पूर्ण सैल करू नका. लिथियम बॅटरीचं सामान केबिनच्या बॅगेत.

जून-जुलैत सांगलीची हवा ओलसर असते. ए.सी.तल्या घरातून आलेलं लाकूड ते पाणी शोषतं. अकूस्टिक गिटारची वरची फळी फुगते, तारा उंच होतात, बोटं दुखायला लागतात. सॉलिड बॉडी इलेक्ट्रिकला हा त्रास कमी, तरी मान थोडी वाकू शकते. आल्या आल्या ट्रस रॉडला, म्हणजे मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईला, हात लावायचा नाही. आठवडाभर थांबा, लाकूड स्थिरावू दे, मग गरज वाटली तर एका वेळी एक अष्टमांश वळसा. बसेल त्याच मापाची अ‍ॅलन की (षटकोनी चावी) हवी, ती अमेरिकेतूनच आणा. तारांचे दोन जादा सेट, ९-४२ किंवा १०-४६ (हे जाडीचे आकडे), जे ती वापरत असेल ते. दमट हवेत घामाची बोटं लागली की तार महिन्याभरात काळी पडते. घर गावभागात नदीच्या बाजूला असेल तर केस तळमजल्यावर ठेवू नका. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं हे आजोबांना विचारा.

आता मिरज. तुम्ही मिरजेचे असून पोरीला अजून सतारमेकर गल्लीत नेलं नसेल तर या खेपेला न्याच. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जवारी, म्हणजे तारेच्या नादाची जुळणी, लावताना बघायला मिळते का ते कारागिरांना विचारा. घोडीचा रुंद माथा इतका हलका उतरता घासतात की तार त्याला चाटत जाते, खाली दोरा सरकवला की जागा नेमकी सापडते आणि नाद उघडतो. पोरगी ज्याला डिस्टॉर्शन म्हणते, त्या गिटारच्या फाटल्यासारख्या आवाजातही मूळ स्वराच्या वरचे उपस्वरच वाढवलेले असतात. फक्त ते काम विजेच्या सर्किटवर सोपवलेलं असतं. हे तिला सांगू नका, तिचं तिला ऐकू येईल.

घरी आजी गात असेल तर एक प्रयोग सोपा आहे. आजीची पट्टी काळी चार असली, तर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या पडद्यावर लावून जी कॉर्ड वाजवायचा. पण पूर्ण मेजर कॉर्ड नको, त्यातला शुद्ध गंधार कोमल गंधाराच्या रागात खटकतो. पॉवर कॉर्ड घ्यायचा. त्यात फक्त षड्ज-पंचम असतात, म्हणजे तंबोऱ्याचंच काम. इंडीवाल्या पोरांना पॉवर कॉर्ड झोपेतही येतो.

या संगीताचं म्हणाल तर सुरुवातीला ‘इंडी’, म्हणजे इंडिपेंडंट, हा आवाजाचा प्रकार नव्हताच, तो धंद्याचा प्रकार होता. १९७७च्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने घरच्यांकडून-मित्रांकडून ५०० पौंड उसने घेऊन पहिली ईपी (मोजक्या गाण्यांची रेकॉर्ड) स्वतःच काढली. मग रफ ट्रेडसारख्या रेकॉर्डच्या दुकानांनी वितरणाचं जाळं उभारलं. १९८०पासून ब्रिटनमध्ये इंडी रेकॉर्डची वेगळी यादी छापू लागले, आणि तीत शिरायची अट होती ती वितरण मोठ्या कंपन्यांच्या हातात नसण्याची. गाणं कसंही असो. किणकिणती गिटार, लाजरा आवाज म्हणजे इंडी, हा समज १९८६मध्ये एनएमई या संगीत साप्ताहिकाने काढलेल्या कॅसेटनंतर जास्त पक्का झाला. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडने तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवायचं आणि वयाची अट घालू द्यायची नाही, हे धोरण वर्षानुवर्षं पाळलं. पुढे जगभर गाजलेल्या निर्वाणा या बँडच्या पहिल्या अल्बमच्या रेकॉर्डिंगचा खर्च ६०६ डॉलर १७ सेंट.

आजोबांना हे समजावायला सांगलीबाहेर जावं लागत नाही. १८४३मध्ये विष्णुदास भाव्यांनी राजाश्रयाने नाटक उभं केलं. १८५१मध्ये सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन गेल्यावर तीच मंडळी गावोगाव फिरून स्वतःच्या हिमतीवर खेळ करू लागली. व्हॅनमध्ये ड्रम घालून हिंडणाऱ्या बँडचा जमाखर्च याहून वेगळा नसतो.

म्हणून दोन हजार डॉलरची गिटार मागितली तर नाही म्हणा. दोन-अडीचशेची गिटार, तिचं नीट सेटअप आणि ट्यूनर एवढ्यावर दोन वर्षं निघतात. बँडला पैसे हवे असतील तर वही घालून द्या: सरावाच्या खोलीचं भाडं, तारा, टी-शर्टची छपाई, बँडकॅम्प या गाणी विकायच्या वेबसाइटवरची विक्री. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतले १५ टक्के कापून घेतं, बाकीच्यातून पेमेंटचं शुल्क जातं. हा हिशेब तिने मांडावा, तुम्ही फक्त तपासावा. गाण्यांच्या शब्दांवर मात्र मत देऊ नका. विचारलं तरच.

राहिले कार्यक्रम. जाहिरातीत ‘ऑल एजेस’, ‘१८+’ किंवा ‘२१+’ लिहिलेलं असतं. तिला फक्त पहिला प्रकार. हातावर मार्करने काळी फुली काढून आली तर घाबरू नका, ती दारू द्यायची नाही याची खूण आहे. सातला दार उघडतं, आधी दोन-तीन बँड, मुख्य बँड साडेनऊच्या पुढे. तेव्हा न्यायला अकराला या, नऊला फोनवर फोन करू नका. न्यू ब्रन्सविककडे घरांच्या तळघरांत कार्यक्रम होतात आणि पत्ता आयत्या वेळी मेसेजवर मिळतो. तिथे एकटीने नाही, आणि पत्ता तुमच्याकडे हवाच. बाहेर पडायला एकच जिना असेल आणि गर्दी झाली असेल तर परत फिरायचं, हे आधीच ठरवून घ्या.

खरा धोका कानांना. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास अशी आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. लहान क्लबात १०० सहज होतात. कानात घालायचे स्वस्त फोमचे बोळे वरचे स्वर जास्त खातात, गाणं गढूळ ऐकू येतं, म्हणून पोरं ते काढून खिशात घालतात. वाद्यवाल्यांसाठी फिल्टरचे मिळतात ते घ्या, सगळे स्वर साधारण सारखेच खाली आणतात. किल्लीच्या जुडग्याला डबी अडकवून द्या, आणि एक जोडी बँडच्या सरावाच्या खोलीत कायमची ठेवा. ड्रम वाजवणारीला ती सर्वांत आधी लागते.