पीठ (Ara, म्हणजे वेदी) तारकासमूह कसा शोधायचा? त्यातले कोणते तारकागुच्छ पाहण्यासारखे आहेत?

आधी वृश्चिकेची नांगी, म्हणजे मूळ नक्षत्र गाठा. तिथून सरळ दक्षिणेला उतरलं की पीठ. आकार लहान, ८८ तारकासमूहांत ६३वा. अल्फा आणि बीटा हे दोन्ही तारे साधारण २.८ प्रतीचे (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा लहान तितका तारा ठळक), तेवढे डोळ्यांना सहज दिसतात.

खरा ऐवज म्हणजे एनजीसी ६३९७. बीटापासून ईशान्येला जेमतेम ३ अंशांवरचा हा बंदिस्त तारकागुच्छ (ताऱ्यांचा दाट, गोलाकार गोळा) सुमारे ७,८०० प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे आपल्याला सर्वांत जवळच्या अशा गुच्छांपैकी एक. द्विनेत्रीत नुसता धुरकट ठिपका दिसतो. पण त्यातले ठळक तारे १०व्या प्रतीचे असल्याने ४ इंची दुर्बिणीत ८०-१०० पट वर्धनाला कडेचे तारे सुटे होऊ लागतात. हा क्षण चुकवू नका! अल्फाच्या पश्चिमेला सुमारे १ अंशावर आयसी ४६५१ हा खुला (विरळ, विखुरलेल्या ताऱ्यांचा) गुच्छ आहे, त्याला मात्र कमी वर्धनाची आयपीसच लावा.

अडचण उंचीची. २० अंश उत्तर अक्षांशावरून एनजीसी ६३९७ क्षितिजापासून फार तर १६ अंश वर येतो, आणि तिथली धूळ-बाष्प त्याचा बराच प्रकाश गिळतात. म्हणून तो ऐन दक्षिणेला असतानाच पाहा: जूनच्या मध्यात मध्यरात्री, जुलैअखेर रात्री नऊच्या सुमारास. दक्षिण क्षितिज मोकळं हवंच.

कथा ग्रीक आहे. टायटनांशी (आधीच्या पिढीतल्या देवांशी) लढण्याआधी झ्यूस आणि इतर देवांनी ज्या वेदीपुढे शपथ घेतली, तीच ही. ती सायक्लोप्सनी (एकाक्ष राक्षसांनी) घडवली आणि विजयानंतर झ्यूसने आकाशात ठेवली. शेजारून वाहणारी आकाशगंगा म्हणजे त्या वेदीचा धूर.