गूगल सर्चमध्ये साइटचे इंप्रेशन (निकालांत किती वेळा दिसली) तेवढेच, पण क्लिक निम्म्यावर आले. साइटची रँक पडली का?
पडलीच असेल असं नाही. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या टूलमध्ये, परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये मागचे ३ महिने आणि गेल्या वर्षीचे तेच ३ महिने तुलनेला लावून क्वेरीनुसार (लोकांनी शोधलेल्या शब्दांनुसार) सरासरी पोझिशन बघा. पोझिशन २-३ वरच आहे आणि फक्त सीटीआर (इंप्रेशनपैकी किती टक्के क्लिक झाले) घसरलाय, तर बहुधा वर एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे गूगलचं एआयने लिहिलेलं उत्तर, आलाय. भारतात तो ऑगस्ट २०२४ पासून दिसतो. मोबाइलवर त्याच्यामुळे तुमची लिंक पहिल्या स्क्रीनच्या खाली ढकलली जाते, म्हणून ती क्वेरी फोनवर इन्कॉग्निटोमध्ये टाकून डोळ्यांनी बघाच. पोझिशनच ३ वरून १२ वर गेली असेल, तर कोअर अपडेटच्या (गूगल रँकिंगच्या पद्धतीत करतं त्या मोठ्या बदलाच्या) तारखा तपासा. अपडेट पूर्ण झाल्यावर किमान आठवडाभर थांबा, मगच पानांना हात लावा. मध्येच टायटल बदललंत तर घसरण कशामुळे झाली ते कळायचं नाही.