अकरावीला गृहविज्ञान घेऊन मुलीला काय मिळणार?

तुमचा प्रश्न वाचला. मुलीला दहावीला चांगले गुण आहेत, तिला गृहविज्ञानाचे विषय घ्यायचेत आणि घरातली मोठी माणसं म्हणतायत, 'स्वयंपाक-शिवण आईही शिकवेल, त्यासाठी कॉलेज कशाला?' मी पुण्यात १९९८ साली हेच विषय घेतले, तेव्हा आमच्याकडेही अगदी हेच वाक्य ऐकलं होतं. मला शिकवणाऱ्या बाई या महिनाअखेरीला निवृत्त होतायत. गेले पंधरा दिवस डोक्यात त्याच आहेत, म्हणून उत्तरही त्यांच्याबद्दलच लिहिते.

बाईंच्या पर्समध्ये कायम एक स्टीलची वाटी असायची. आपण भांड्यांवर नाव घालून घेतो ना, तसं त्यांनी त्या वाटीवर '१५० मि.लि.' घालून घेतलं होतं. पहिल्याच महिन्यात त्यांनी गृहपाठ दिला: घरातल्या प्रत्येकानं तीन दिवस काय काय खाल्लं ते मापासकट लिहून आणा. आम्ही तेव्हा नारायण पेठेत वाड्यातल्या दोन खोल्यांत राहायचो. मी वहीत रकाने आखले. आजोबा, बाबा, दादा, मी, आई. आजोबांचा रकाना भरला, बाबांचा भरला, दादाच्या पोळ्या मोजता मोजता पुरेवाट झाली. आईच्या रकान्यात तिन्ही दिवस मी एकच शब्द लिहिला होता, 'उरलेलं'.

बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं नाही. तास संपल्यावर जवळ बोलावून विचारलं, "उरलेलं म्हणजे किती गं?" मला सांगता येईना. त्यांनी पर्समधली वाटी काढून माझ्या हातात दिली. "आज आई जेवायला बसेल तेव्हा शेजारी बस. मोजून आण."

बसले. सगळ्यांचं आटोपून, ओटा पुसून आई पाटावर टेकली तेव्हा दहा वाजत आले होते. दीड पोळी. पातेल्याच्या बुडाची आमटी, ती वाटीत ओतली तर अर्धीही भरेना. भाजी संपलेलीच होती, म्हणून तिनं कढईतच भात कालवला आणि कढई पुसून घेतली. वर कपभर चहा. मी वहीत लिहितेय हे बघून ती एवढंच म्हणाली, "हे कॉलेजात दाखवणारेस?" त्या प्रश्नानं मला जे वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. रोज तिच्यापासून तीन हातांवर जेवत होते मी.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याची बेरीज करायला लावली, उष्मांक किती, प्रथिनं किती, लोह किती. मग म्हणाल्या, "आईचं रक्त तपासून घे." महापालिकेच्या दवाखान्यात तपासलं. हिमोग्लोबिन ७.८. बाईमाणसाचं निदान १२ तरी हवं. 'दमायला होतं' हे आईचं रोजचं वाक्य होतं, आम्हाला तो तिचा स्वभाव वाटायचा.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. बाकीचं बाईंनी समजावलं. जेवणावर लगेच चहा नको, चहातलं टॅनिन लोह अंगी लागू देत नाही. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळायचं, 'क' जीवनसत्त्वानं तेच लोह जास्त शोषलं जातं. हे सगळं आईनं आनंदानं केलं. अवघड गेलं ते तिचं ताट सगळ्यांबरोबर वाढणं. मी वाढायचे, ती झाकून ठेवायची. आजोबा काही बोलायचे नाहीत, पण त्यांचा घास थांबायचा. शेवटी एकदा आजोबाच म्हणाले, "सूनबाई, बसा, पोळ्या गार होतायत." सहा महिन्यांनी आईचं हिमोग्लोबिन ११ वर आलं.

हे आमच्याच घरचं होतं असं समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के ॲनिमिक निघाल्या.

आता 'आईही शिकवेल' याबद्दल. आईनं मला पुरणपोळी शिकवली, तिच्यासारखी मला अजून जमत नाही. पण स्वतःच्या ताटात काय पडतं ते मोजायला ती कशी शिकवणार होती? तिलाच कुणी ते विचारलं नव्हतं.

बाकीही पुष्कळ शिकलो. प्रत्येकीनं घरची हळद आणायची, परीक्षानळीत पाण्यात मिसळून हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकायचे. शुद्ध हळदही लालसर होते, पण पाणी वाढवलं की तो रंग जातो. गेला नाही तर मेटॅनिल यलो या पिवळ्या रासायनिक रंगाची भेसळ. तीन मुलींच्या नळ्या गुलाबी राहिल्या आणि त्या दिवशी तीन घरांत हळद फेकली गेली. २००० वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट, हेही तिथंच कळलं. धावदोरा, काज, रफू तर झालंच. मुलग्यांना हा विषय नव्हता याची बाईंना खंत होती आणि मला ती रास्त वाटते.

पुढच्या वाटेची काळजी असेल तर आहारतज्ज्ञ, वस्त्रोद्योग, बालशिक्षण, अन्नप्रक्रिया अशा बऱ्याच दिशा आहेत. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेल्या महिला विद्यापीठाचं, म्हणजे एसएनडीटीचं, गृहविज्ञान महाविद्यालय इथंच कर्वे रस्त्यावर आहे. तिथं एकदा मुलीला घेऊन जाऊन या. मी स्वतः कर्वेनगरात डबे पुरवते, रोज नव्वदच्या आसपास. कुठल्या डब्यात किती ग्रॅम डाळ जाते ते मी झोपेतही सांगेन. मुलीला आवड असेल तर घेऊ द्या, एवढंच माझं मत.

शनिवारी बाईंचा निरोप समारंभ आहे. जेवण माझ्याकडे. शाल-श्रीफळाला बाईंनी हो-नाही काहीच म्हटलं नाही, पण जेवणासाठी एक अट घातली: स्वयंपाक करणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या पहिल्या पंगतीला बसतील. माझ्याकडच्या सहाजणी आणि कॉलेजच्या दोन मावशी, अशी आठ पानं झाली. नववं माझ्या आईचं. वाढायला कोण कोण, त्याची यादी आता करायला घेतलीय. दादाचं नाव सगळ्यात वर आहे.